पारीखाली झाकलेली नावे

उत्पत्तीच्या पुस्तकात एदेन बागेतील निषिद्ध फळाचा उल्लेख आहे. परंतु ते फळ कोणते, हे तेथे कोठेही सांगितलेले नाही. तरीही पाश्चात्त्य चित्रकारांनी शतकानुशतके एवेच्या हाती सफरचंदच दिले. या समजुतीला लॅटिन भाषेचाही हातभार लागला असावा. त्या भाषेत ‘मालुम’ या शब्दाचा एक अर्थ ‘वाईट’, आणि पहिला स्वर दीर्घ उच्चारला की दुसरा अर्थ ‘सफरचंद’. अशा रीतीने ज्या फळाचे नावही शास्त्रलेखाने घेतले नाही, त्याच्या माथी मानवजातीच्या पहिल्या पापाचा दोष आला.

नावाची ही गफलत सफरचंदाच्या इतिहासात पुढेही घडत राहिली, मात्र उलट्या दिशेने. सफरचंदाला न केलेल्या कृत्याचा दोष मिळाला, तर ज्या स्त्रियांनी ते फळ रुजवले, शिजवले आणि टंचाईच्या दिवसांत पुरवून पुरवून घराला खाऊ घातले, त्यांना केलेल्या कृत्याचे श्रेय मिळाले नाही. इंग्लंडमधील शरद ऋतूचा जो घरगुती गोड पदार्थ जगभर ‘ॲपल-पाय’ या नावाने ओळखला जातो, त्याच्या इतिहासाची काही पाने या दृष्टीने चाळून पाहावीत, असा आमचा हेतू आहे.

बी, कलम आणि मठाची बाग

सफरचंद मूळचे युरोपचे नव्हे. त्याचे आदिम पूर्वज आजही मध्य आशियातील त्यानशान पर्वताच्या उतारावर रानावनात वाढतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी १९२९ साली आजच्या कझाकस्तानातील अल्माटीच्या परिसरातील ही सफरचंदांची राने पाहिली आणि या फळाचे माहेर हेच असावे, असे अनुमान बांधले. पुढे जनुकशास्त्राने त्या अनुमानाला दुजोरा दिला. व्यापारी मार्गांनी हे फळ पश्चिमेकडे सरकले आणि रोमनांबरोबर त्याच्या लागवडीच्या जाती ब्रिटनमध्ये पोहोचल्या.

या प्रवासात एक मोठी अडचण होती. सफरचंदाच्या बीपासून आईसारखे झाड येत नाही. गोड फळातील बी पेरली तर आंबट, तुरट, खुजे, काहीही निपजू शकते. कोकणातल्या वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. हापूसचा बाठा रुजवून हापूस मिळेलच असे नाही. त्यासाठी कलमच बांधावे लागते. गोव्यात सोळाव्या शतकात येशूसंघीय मिशनऱ्यांनी आंब्याच्या कलमांना चालना दिली, आणि ‘हापूस’ हे नाव पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द आल्बुकर्क याच्या नावावरून आले, असे मानले जाते. ज्या माळ्यांच्या हातांनी ती कलमे बांधली, त्यांची नावे मात्र आंब्याला चिकटली नाहीत. सफरचंदाची कहाणी याहून वेगळी नाही.

मध्ययुगात युरोपमधील फळबागा जपण्याचे मोठे काम मठांनी केले. स्वित्झर्लंडमधील संत गॉल यांच्या मठाच्या ग्रंथालयात नवव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका आदर्श मठाचा आराखडा जपून ठेवलेला आहे. त्यात दफनभूमी आणि फळबाग एकाच जागी दाखविली आहे. मठवासीयांच्या कबरींच्या मधून सफरचंदासह नाना फळझाडे लावायची, अशी ही योजना. मृतांच्या सान्निध्यात जिवंतांसाठी फळ धरावे, यात त्या काळच्या श्रद्धेला विसंगती वाटली नाही. कलमाचे तत्त्वही असेच आहे. जुने झाड जाते. त्याची काडी दुसऱ्या खुंटावर जगत राहते.

इंग्लंडमधील मठ आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३६ ते १५४० या वर्षांत, मोडीत निघाले. त्याच राजाचा फळबागकार रिचर्ड हॅरिस याने १५३३ च्या सुमारास फ्रान्सहून उत्तम जातींची कलमे आणवून केंट परगण्यातील टेनम येथे बाग उभारली. केंटला पुढे जी फळबागांची कीर्ती लाभली, तिचा आरंभ पुष्कळदा या बागेपासून सांगितला जातो. राजाचे नाव राहिले, हॅरिसचे राहिले. त्या बागेत राबणाऱ्यांची नावे कोणी विचारली नाहीत.

पारी आणि सारण

‘पाय’ म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायचे तर ‘पारी आणि सारण’ या मराठी जोडीहून चांगले शब्द सापडणार नाहीत. मैद्याच्या पारीत फळाचे सारण भरायचे, वरून दुसरी पारी झाकायची आणि ते भट्टीत भाजायचे. मोदक वाफेवर शिजतो आणि हा पदार्थ कोरड्या आचेवर. एवढाच मुख्य भेद.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजी पाकहस्तलिखितांत सफरचंदाच्या अशा पदार्थाची कृती सापडते. त्यात सफरचंदाबरोबर नासपती, अंजीर, मनुका आणि मसाले घालून केशराचा रंग द्यायला सांगितले आहे. साखरेचा मात्र उल्लेख नाही. त्या काळी साखर ही दुरून येणारी महागडी वस्तू होती. गोडवा अंजीर-मनुकांनी आणायचा. बाहेरच्या पारीला त्या वेळच्या इंग्रजीत पेटी अशा अर्थाचा शब्द होता, कारण ती जाड, कडक आणि मुख्यतः आतील सारण धरून ठेवण्यासाठी असे.

राजवाड्यातील हे पक्वान्न झोपडीत कसे आले? साखर स्वस्त झाली, परसातल्या सफरचंदाला खर्च नव्हता आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ एकदम उतरे. ते सडण्यापूर्वी वापरणे भाग होते. पारीही हळूहळू पातळ आणि खुसखुशीत झाली. साखरेच्या या स्वस्ताईमागे वेस्ट इंडीजच्या मळ्यांतील आफ्रिकी गुलामांचे श्रम होते, हे येथे विसरता येणार नाही. इंग्रज गृहिणीच्या नावाची जिथे नोंद नाही, तिथे त्या गुलामांच्या नावाची कोठून असणार?

‘एका स्त्रीने’ लिहिलेले पुस्तक

१७४७ साली लंडनमध्ये ‘द आर्ट ऑफ कुकरी मेड प्लेन अँड ईझी’ हे पाकशास्त्राचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते. ‘एका स्त्रीने लिहिलेले’ एवढाच उल्लेख होता. घरकाम करणाऱ्या साध्या मुलींना समजेल अशा भाषेत ते लिहिले होते आणि शतकाच्या अखेरपर्यंत त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. ‘हिंदुस्थानी पद्धतीची’ करी कशी करावी, याची कृतीही त्यात आहे.

या पुस्तकातील ॲपल-पायची कृती वाचली की लिहिणारीचा हात स्वयंपाकघरातला आहे, हे ध्यानी येते. सफरचंदाच्या फोडींचा थर, त्यावर साखर, लिंबाची बारीक चिरलेली साल, लिंबाचा रस, मधूनमधून एखादी लवंग, पुन्हा फोडींचा थर. इथवर सारे नेहमीचे. परंतु सोललेल्या साली आणि बियांकडचा गाभा टाकून न देता ती बाई पाण्यात जायपत्रीसह उकळते, गाळते, थोडी साखर घालून तो अर्क आटवते आणि पाय झाकण्यापूर्वी आत ओततो तसा ओतायला सांगते. ज्याला इतर कचरा समजतील त्यातच फळाचा खरा सुवास असतो, हे ज्ञान ज्याने कधी हातात सुरी धरली नाही त्याला होत नाही.

ही बाई म्हणजे हॅना ग्लास. तिच्या वाट्याला पुस्तकाचे वैभव आले नाही. १७५४ साली तिचे दिवाळे निघाले, पुस्तकाचा हक्क विकावा लागला आणि १७५७ मध्ये कर्जापायी तिला तुरुंगवास घडला. १७७० साली ती वारली. पुढे तर हे पुस्तक बाईने लिहिलेलेच नसून जॉन हिल नावाच्या एका डॉक्टरने लिहिले, अशी वदंता लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांत पसरली. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या उपस्थितीत झालेल्या तशा संभाषणाची नोंद बॉसवेलने आपल्या चरित्रग्रंथात करून ठेवली आहे. जॉन्सन यांना हिलच्या कर्तृत्वाची खात्री नव्हती. पण स्त्रीला पाकशास्त्राचे चांगले पुस्तक लिहिता येईल, यावरही त्यांचा विश्वास नव्हता! अखेर १९३८ साली मॅडलिन होप डॉड्स या इतिहास-संशोधिकेने जुने दस्तऐवज तपासून हॅना ग्लासची ओळख निश्चित केली. म्हणजे पुस्तकाला त्याची लेखिका मिळायला जवळजवळ दोन शतके लागली.

निःपक्षपातीपणे हेही नोंदविले पाहिजे की ग्लासबाईंनी आपल्या शेकडो कृती आधीच्या पुस्तकांतून उचलल्या होत्या. त्या पुस्तकांनीही त्या कुठल्या तरी स्वयंपाकघरांतून घेतल्या असणार. पाककृतीचा उगम शोधत मागे जावे, तर शेवटी चुलीपुढे बसलेली एक अनामिक स्त्रीच भेटते.

अटलांटिकच्या पलीकडे हेच घडले. ॲपल-पायला अमेरिकन लोक आपला राष्ट्रीय पदार्थ मानतात. पण अमेरिकेत लागवडीच्या सफरचंदाचे बी आणि कलम युरोपीय वसाहतकारांनीच नेले. अमेरिकन स्त्रीने लिहून तेथेच छापलेले पहिले पाकपुस्तक १७९६ साली हार्टफर्ड येथे निघाले. त्यातही ॲपल-पायच्या कृती आहेत. लेखिका अमेलिया सिमन्स. तिने स्वतःचे नाव छापले आणि त्याखाली आपली ओळख दिली: ‘एक अमेरिकन अनाथ’. आपले शिक्षण बेताचे असल्याने छपाईची प्रत दुसऱ्याकडून तयार करून घ्यावी लागली आणि तीत चुका शिरल्या, अशी तक्रार तिने पुस्तकाला जोडलेल्या पानावर केली आहे. तिच्याविषयी याहून फारसे काही इतिहासाला ठाऊक नाही. जिच्यामागे घराणे नव्हते, तिने निदान नावापुरती जागा हट्टाने राखली.

साउथवेलचे झाड

आता आम्ही या लेखाच्या गाभ्याशी येतो. इंग्लंडमध्ये ॲपल-पाय म्हटले की ‘ब्रॅमली’ जातीचे सफरचंद आलेच. मोठे, हिरवे, कच्चे खाल्ले तर दात आंबवणारे हे फळ केवळ शिजवण्यासाठी वाढवले जाते. त्यात मॅलिक आम्ल भरपूर असते. आच लागताच त्याच्या फोडी विरघळून लोण्यासारखा हलका गर होतो, आणि साखर घातली तरी आंबटपणाची धार मरत नाही.

या जातीचे पहिले झाड नॉटिंगहॅमशर परगण्यातील साउथवेल या गावी एका साध्या घराच्या परसात उगवले. मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या तरुण मुलीने १८०९ साली सफरचंदाच्या काही बिया रुजवल्या, त्यांतले हे एक. बीपासून बहुधा निकस झाडच येते, हे वर सांगितलेच. लाखांत एखादे असे निघते. मेरी ॲन पुढे लग्न होऊन त्या घरातून निघून गेली. १८४६ साली मॅथ्यू ब्रॅमली या खाटकाने ते घर विकत घेतले आणि घराबरोबर झाडही त्याचे झाले.

१८५६ साली हेन्री मेरीवेदर या सतरा वर्षांच्या मुलाच्या नजरेस ती सफरचंदे पडली. त्याच्या घरी रोपवाटिकेचा व्यवसाय होता. त्याने ब्रॅमलीकडे कलमासाठी काड्या मागितल्या. ब्रॅमलीने संमती दिली, पण एका अटीवर: फळाला आपले नाव द्यायचे. अट पाळली गेली. १८६२ साली या फळाच्या विक्रीची पहिली नोंद झाली, १८७६ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याची वाखाणणी केली आणि पुढच्या काही दशकांत ‘ब्रॅमली’ हे नाव इंग्रजी स्वयंपाकघरात घरोघरी झाले. मेरी ॲन या साऱ्याच्या आधीच निवर्तली होती. आपण लावलेले झाड कुठवर गेले, हे तिला कधी कळले नाही.

या व्यवहारात कोणी चोरी केली, असे आम्हांस म्हणायचे नाही. कायद्याने झाड ब्रॅमलीचेच होते. मेरीवेदरच्या दूरदृष्टीवाचून ते परसातच संपले असते. परंतु कायद्याचा हिशेब आणि न्यायाचा हिशेब नेहमीच जुळतो असे नाही. ज्याने झाड विकत घेतले त्याचे नाव फळावर आले, ज्याने विकले त्याचे रोपवाटिकेच्या पाटीवर आले. आणि जिने लावले तिचे कोठेच आले नाही. लग्न होऊन जाणारी मुलगी आपल्या माहेरच्या परसातील झाडावर नाव सांगू शकत नाही. आमच्याकडेही किती अंगणांतील किती आंबे, फणस आणि माड याच न्यायाने नातवांच्या नावे झाले असतील!

याच्याशी ताडून पाहण्याजोगी दुसरी कहाणी ऑस्ट्रेलियात घडली. इंग्लंडहून तेथे स्थलांतरित झालेली मारिया ॲन स्मिथ ही सिडनीजवळ शेतीबागेत राबणारी शेतकरीण. १८६८ च्या सुमारास तिच्या आवारात एक रोप आपसूक उगवले आणि त्याला हिरवीगार, आंबट, टिकाऊ फळे लागली. १८७० साली ती वारली. तिच्या हयातीत त्या फळाला बाजार मिळाला नव्हता. पण शेजाऱ्यांनी झाड वाढवताना तिची आठवण पुसली नाही. म्हणून आज ते फळ जगभर ‘ग्रॅनी स्मिथ’, म्हणजे ‘स्मिथ आजी’, या नावाने विकले जाते. मुंबईच्या फळबाजारातही ते मिळते. दोन्ही स्त्रिया आपापल्या झाडाचे यश न पाहताच गेल्या. फरक पडला तो त्यांच्या कर्तृत्वामुळे नव्हे. मागे राहिलेल्यांनी काय लक्षात ठेवायचे ठरवले, यामुळे.

टंचाईचे पक्वान्न

दुसऱ्या महायुद्धात या पदार्थाला नवे वळण लागले. जानेवारी १९४० मध्ये ब्रिटनमध्ये लोणी, साखर आणि डुकराच्या खारवलेल्या मांसावर शिधावाटप सुरू झाले. प्रमाण वरखाली होई. पण बराच काळ माणशी आठवड्याला लोणी सुमारे २ औंस आणि साखर ८ औंस, म्हणजे अदमासे ५७ आणि २२५ ग्रॅम, इतकीच मिळे. १९४२ पासून पांढऱ्या पावाची जागा कोंड्याच्या करड्या पावाने घेतली. परदेशी फळ आणायला जहाजे मोकळी नव्हती. परसातले सफरचंद मात्र दर शरदात येतच होते.

पायच्या पारीला मैद्याच्या निम्मे लोणी किंवा चरबी लागते. तेवढी आणायची कोठून? तेव्हा पारी लाटण्याऐवजी पीठ, जमेल तेवढी चरबी आणि थोडी साखर बोटांनी चोळून त्याचा भुरभुरीत चुरा करायचा आणि तो सफरचंदावर पसरून भाजायचा, ही रीत घरोघर रूढ झाली. पीठ कमी पडले तर ओट किंवा शिळ्या पावाचा चुरा मिसळता येई. यालाच ‘क्रंबल’ म्हणतात. ‘क्रंबल’ला लोकप्रियता युद्धकाळाने दिली, असे सामान्यतः मानले जाते. शिधावाटप पूर्णपणे उठायला जुलै १९५४ उजाडावा लागला. पण तोवर टंचाईचा हा पदार्थ आवडीचा झाला होता आणि सुबत्तेच्या काळातही टिकला. त्या युद्धाच्या सेनापतींचे पुतळे चौकाचौकांत उभे आहेत. दोन औंस लोण्यात घर तगवणाऱ्या बायकांचे स्मारक म्हणजे हा चुरा.

करून पाहण्यासाठी

हा इतिहास ज्यांना ताटात पाहायचा असेल त्यांच्यासाठी कृती देतो. ब्रॅमली आपल्याकडे मिळत नाही. ग्रॅनी स्मिथ किंवा कोणतेही आंबट सफरचंद चालते. फळ फारच गोड असेल तर लिंबाचा रस घालावा. एक किलो सफरचंदे सोलून फोडी कराव्यात, त्यांत १०० ग्रॅम साखर आणि तीन-चार लवंगांची पूड घालावी.

पायसाठी ३०० ग्रॅम मैद्यात चिमूटभर मीठ आणि १५० ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळावे. तळहात लावू नये, उष्णतेने लोणी वितळते. चार-पाच चमचे थंड पाण्यात पीठ जेमतेम गोळा करून अर्धा तास थंड जागी ठेवावे. मळू नये, मळल्याने पारी चिवट होते. मग दोन पाऱ्या लाटून मध्ये सारण भरावे, कडा दाबाव्यात आणि वाफ जायला वर चीर द्यावी. ओव्हनमध्ये आधी २०० अंश सेल्सियसवर वीस मिनिटे आणि नंतर १८० अंशांवर आणखी वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. क्रंबलसाठी २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम लोणी आणि १०० ग्रॅम साखर यांचा चुरा फोडींवर पसरून १८० अंशांवर सुमारे चाळीस मिनिटे ठेवावे. ग्लासबाईंचा साली उकळण्याचा उपाय दोन्हींत वापरावा. त्याला आज पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, पण त्याहून चांगला उपाय निघालेला नाही.

साउथवेलचे मूळ झाड १९०० च्या सुमारास वादळात कोसळले. परंतु आडव्या पडलेल्या खोडाने पुन्हा मुळे धरली आणि ते नव्याने वाढले. अलीकडच्या दशकांत त्याच्या मुळांना असाध्य बुरशीने ग्रासले. नॉटिंगहॅम विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी त्याच्या पेशींपासून प्रयोगशाळेत रोपे तयार केली, त्यामुळे त्याचा वंश सुरक्षित आहे. २००९ साली, बी रुजल्याला दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने, साउथवेलच्या प्राचीन मंदिरात, जेथे आज अँग्लिकन धर्मप्रांताचे कॅथीड्रल आहे, रंगीत काचेची एक खिडकी या झाडाच्या स्मरणार्थ बसविण्यात आली. फळाचे नाव आता बदलणार नाही आणि बदलण्याचे कारणही नाही. मात्र त्या झाडाची हकीकत जेव्हा जेव्हा सांगितली जाते तेव्हा ती आता मेरी ॲनपासून सुरू होते. न्याय दोनशे वर्षांनी का होईना, पोहोचला.

आमच्या वसई-मुंबईच्या ख्रिस्ती घरांतही बाटलीतल्या मसाल्याचे प्रमाण घरागणिक निराळे असते. ते कोणा आजीने, कोणा मावशीने ठरवलेले असते, आणि वहीत लिहिताना आपण फक्त मिरच्यांचे वजन लिहितो. वाचकहो, वजनाच्या शेजारी तिचे नावही लिहावे. शाई तेवढी अधिक लागत नाही.